प्रात्यक्षिक आणि संग्रह एकाच सकाळी: नाशिकमध्ये कार्यक्रम कसा बसवावा

नाशिकमध्ये चित्रकलेच्या प्रात्यक्षिकाला गर्दी होते. कुणी गोदाघाट जलरंगात करून दाखवतं, कुणी समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र. तास-दीड तासाने टाळ्या होतात, ओल्या चित्राभोवती सेल्फी निघतात आणि त्याच दालनाच्या भिंतींवर टांगलेल्या जुन्या चित्रांकडे पाठ फिरवून मंडळी चहाकडे वळतात. दुसरीकडे संग्रह पाहायला आलेल्यांना साल, माध्यम आणि चित्रकाराचं नाव वाचून दाखवलं जातं आणि दहाव्या चौकटीपाशी जांभया सुरू होतात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांसाठी करण्याची सवय मोडायला हवी. ज्याने नुकताच ओल्या कागदावर रंग पसरताना पाहिला, त्याला पुढच्या दहा मिनिटांत जुन्या जलरंगचित्रासमोर उभं करा. एरवी तो जे पाहत नाही, ते तो आपणहून बोट दाखवून सांगू लागतो.

कलामहाविद्यालयाचं दालन असो, शाळेचा चित्रकला वर्ग असो, वाचनालयाचं सभागृह असो किंवा एखाद्या जुन्या वाड्यातली ओसरी, खालची पद्धत चालते. हिशोब मी साधारण 40 प्रेक्षक, एक कलावंत आणि सहा-सात वस्तू असा धरला आहे. यापेक्षा मोठं करायचं असेल तर त्याच दिवशी दोन गट करा. एकाच गटात 100 माणसं कोंबू नका.

आधी वस्तू, मग कलावंत

बहुतेक आयोजक पहिला फोन कलावंताला करतात. तारीख मिळाली की मग "भिंतीवर काय लावू या" असा प्रश्न येतो. उलट क्रम धरा. तुमच्याकडे पाहण्याजोगं काय आहे ते आधी काढा आणि त्यातली एखादी वस्तू ज्या हाताने घडली असेल, त्या प्रकारचा हात जाणणारा माणूस शोधा.

नाशिकमध्ये वस्तू मिळायला तोटा नाही. जुन्या विद्यार्थ्यांची निसर्गचित्रं महाविद्यालयांच्या कपाटांत असतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाकाठ आणि आसपासची गावं जलरंगात इतकी रंगवली आहेत की गावात जलरंगाची नजर घरोघरी तयार आहे. घराघरांत जुनी पैठणी, तांब्याचे हंडे, पितळी समया आहेत. जे हलवता येत नाही, म्हणजे त्रिरश्मी डोंगरातली लेणी (पांडवलेणी), तिथे लोकांना घेऊन जाता येतं, त्याबद्दल पुढे.

निवड करताना हात आखडता घ्या. सात वस्तू पुरतात, पाचही चालतील. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: प्रात्यक्षिक पाहून आलेल्याला इथे काही नवं दिसेल का? चित्रकार कितीही नावाजलेला असो, उत्तर "नाही" आलं तर त्या दिवसापुरतं ते चित्र बाजूला ठेवा. देणगीदाराने दिलेलं चित्र लावावंच लागतं असा आग्रह होईल. ते प्रवेशद्वाराशी लावा, त्याचा मान राहील आणि तुमची मांडणीही बिघडणार नाही.

जलरंगाच्या प्रात्यक्षिकासाठी माझी निवड अशी असेल: आभाळ एका वॉशमध्ये (पातळ रंगाच्या सलग थरात) सोडलेलं एक चित्र, पाण्यातलं प्रतिबिंब असलेलं एक, वॉश फसून कडांना डाग पडलेलं एक (हे हवंच, लोक सगळ्यात जास्त वेळ इथे थांबतात), एक अर्धवट सोडलेलं, ज्यात पेन्सिलीची रेघ दिसते, आणि जिथे प्रकाश रंगवलेला नसून कागद कोरा सोडून मिळवला आहे असं एक. शेवटच्या प्रकाराचं मूळ चित्र हाताशी नसेल तर सावळाराम हळदणकरांच्या निरांजन हातात धरलेल्या मुलीच्या चित्राची चांगली छापील प्रत लावा. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखलं जाणारं ते चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती. पुष्कळांना ते रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगात आहे. बोटांआडून झिरपणारा तो उजेड पांढऱ्या रंगाने आणलेला नाही, हे प्रात्यक्षिक पाहून आलेल्याला लगेच उमगतं. मात्र चित्राशेजारच्या माहितीपट्टीवर "छापील प्रत" असं ठळक लिहा.

कलावंताशी काय बोलून घ्यायचं

बरेच गोंधळ संकोचातून होतात. "तुम्ही कराल तसं" असं म्हणून फोन ठेवला की ऐन दिवशी घोडं पेंड खातं. म्हणून पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोला आणि नंतर ते सगळं एका पानावर लिहून पाठवा.

मानधनाची रक्कम आणि ती कधी देणार, हे पहिलं. "प्रसिद्धी मिळेल" हे मानधन नव्हे. कागद, रंग, प्रवास कुणाचा, तेही त्यातच ठरवा.

दुसरा मुद्दा तयार झालेल्या चित्राचा. ते कलावंताचं, संस्थेचं की विक्रीला? संस्थेकडे राहणार असेल तर मानधन त्या हिशोबाने वाढायला हवं. चित्र संस्थेकडे आलं म्हणून त्याची प्रत छापायचा हक्क आपोआप येत नाही. भारतीय कायद्यात चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर ते चित्र छापायचा मनात विचार असेल तर आत्ताच लेखी परवानगी घ्या. चित्रीकरण कुठे टाकणार, पूर्ण की तुकडे, हेही विचारा. काही चित्रकार आपली सुरुवातीची रेखाटनपद्धत नेटवर टाकू देत नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

तिसरा प्रश्न लोक विसरतात: काम करताना बोलणार का? उत्तम चित्रकार उत्तम वक्ता असेलच असं नाही. काहींना बोलताना हात चालत नाही, काहींना हात चालताना शब्द सुचत नाहीत. अशा वेळी शेजारी एक जाणकार बसवा. त्याने क्रिकेटसारखं धावतं समालोचन करायचं नाही, फक्त अडेल तिथे सांगायचं: "आता कागदाची चकाकी जाण्याची वाट पाहताहेत." तेवढं पुरे.

चौथं म्हणजे तुम्ही निवडलेल्या वस्तू कलावंताला आधी दाखवा. शक्य असेल तर दालनात घेऊन जा आणि विचारा, "यातलं काय तुमच्या कामाशी जुळतं?" बरेचदा ते तुमच्या यादीतली दोन चित्रं काढून कोपऱ्यातलं तिसरंच काढतात. त्यांचं ऐका.

तारीख आणि हवा

नाशिकचा जून ते सप्टेंबर जलरंगाला त्रासाचा. दमट हवेत कागद ओलाच राहतो, दुसरा वॉश पहिल्यात मिसळतो आणि कलावंत केस वाळवायचा ड्रायर मागतो. ड्रायर चालतो, पण त्याच्या आवाजात बोलणं बुडतं. एप्रिल-मेमध्ये उलट, ब्रश कपाकडे जाऊन येईपर्यंत कड वाळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र डिसेंबर-जानेवारीत सकाळी घाटावर बसायचं म्हणाल तर थंडीमुळेही वाळायला वेळ लागतो, दहाच्या आत सुरू करू नका. रामकुंड परिसरात बसायचं असेल तर पर्वणी, एकादशी आणि मोठ्या लग्नतिथी टाळा. सिंहस्थाच्या काळात तर घाटाचा विचारच नको, दालनातच करा.

जागा, उजेड, कॅमेरा

पहिला नियम: पाणी, तेल, रंग आणि जुनी वस्तू एका खोलीत नको. मध्ये दार हवं. नसेल तर निदान दोन टोकं तरी हवीत आणि चहा तिसरीकडे. संग्रहाच्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा जाऊ देऊ नका. दारात एक स्टूल ठेवा, बाटल्या तिथे राहतील.

जलरंगाचा बोर्ड जवळपास आडवा असतो, 15-20 अंशांचा उतार. म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या माणसाला फक्त चित्रकाराची पाठ आणि कोपर दिसतं. वरून पाहणारा कॅमेरा हवाच. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही: आडव्या दांड्याचा स्टँड, त्यावर मोबाइल, तिथून तारेने प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही. वायरलेसवर विसंबू नका, नेमकं आभाळ सोडताना चित्र गोठतं. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर घाटावर ढग उतरत असताना पडद्यावर "आई" असा कॉल येतो. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, कारण चित्रकाराचा गडद हात आत आला की कॅमेरा आपोआप उजळतो आणि कागद फिक्कट दिसू लागतो. एवढं करूनही प्रोजेक्टरवर रंग खरे दिसत नाहीत. टीव्ही परवडत असेल तर टीव्हीच घ्या, आणि लोकांना सांगून ठेवा की पडद्यावर हाताची हालचाल पाहायची, रंग नंतर जवळ येऊन पाहायचा.

उजेडाचं गणित दोन्ही खोल्यांत उलटं आहे. कलावंताला भरपूर, स्थिर, शक्यतो उत्तरेकडचा उजेड लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडत नाही. जुन्या कागदाला आणि कापडाला मात्र उजेडच मारतो. जलरंगचित्रं, छापचित्रं, रेशीम यांच्यासाठी जगभरची संग्रहालयं 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास थांबतात, तैलचित्रांसाठी 200 पर्यंत जातात. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण खिडकीजवळ 900 आणि कोपऱ्यात 60 एवढा फरक ते नक्की दाखवतं. खिडकीवर जाड खादीचा पडदा लावा, पिवळसर एलईडी वापरा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे कार्यक्रम नसेल तेव्हा दिवे बंद ठेवा. भरपूर उजेडाच्या खोलीतून आलेल्या डोळ्यांना 50 लक्समध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणून दोन खोल्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबवा, त्यात निवेदकाने पुढे काय पाहायचं ते सांगावं.

वस्तू आणताना आणि मांडताना

घराघरांतून वस्तू मागून आणणार असाल तर आणताना त्याच जागी मालकासमोर फोटो काढा: पुढून, मागून, आणि आधीपासून असलेला प्रत्येक चरा, डाग, कसर. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. यात अविश्वास नाही, उलट यामुळेच पुढच्या वर्षीही ते घर तुम्हाला वस्तू देतं. 100 वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं यांना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. अशी वस्तू पुढे आली तर मालकाला नोंदणीबद्दल विचारा, आणि शंका असेल तर ती वस्तू घरातच राहू द्या.

चौकटीचं चित्र दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी धरायचं, वरची पट्टी धरून उचलायचं नाही. तांब्या-पितळेला हातमोजे घालून हात लावा, घामाचे ठसे धातूवर कायमचे उमटतात. पैठणीची जुनी घडी मोडून ती जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलीसकट गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मोडलेली जरीची तार तिथेच तुटते. टाचण्या नकोत, आणि उभी लटकवू नका, पदर स्वतःच्याच वजनाने ओढला जातो. उतरत्या फळीवर पसरा.

पट्टीवर 40-50 शब्दांच्या वर जाऊ नका. नाव, साल, माध्यम खाली बारीक अक्षरात. वर एक वाक्य, जे पाहायला लावतं. "देवळाच्या पायरीवर पांढरा रंग नाही, तिथे कागद आहे" एवढं लिहिलं की माणूस वाकून पाहतो. "सुप्रसिद्ध चित्रकारांची अप्रतिम कलाकृती" असं लिहिलं की तो पुढे जातो.

प्रत्यक्ष सकाळ

दहाला सुरुवात. आणि इथे एक कडक गोष्ट सांगतो: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचयाचा परिचय, हे नमनाला घडाभर तेल इथे परवडणारं नाही. सत्कार करायचाच तर शेवटी करा. कलावंताचा हात तापलेला असतो, कागद ताणलेला असतो, पाणी भरलेलं असतं. तेव्हा अध्यक्षांचं मनोगत ऐकायला लावणं हा त्याचा अपमान आहे.

पहिली दहा मिनिटं साहित्यावर. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद आणि साधा ड्रॉइंग पेपर, दोन्हींचे तुकडे रांगेतून फिरवा, त्यांना हात लावू द्या. दोन्हींवर एक-एक थेंब पाणी टाकून पुढे पाठवा. साधा कागद लगेच फुगतो, सुती कागद पाणी पितो आणि सपाट राहतो. हे कळलं की पुढचं निम्मं प्रात्यक्षिक समजलं.

मग 15 बाय 22 इंचांच्या कागदावर विषय. गोदाघाट घ्या: मागे नारोशंकराच्या देवळाचं शिखर, मध्ये काळ्या दगडाच्या पायऱ्या, पुढे पाणी. चित्रकार आधी पेन्सिलीने चार-सहा रेघा मारतो, मग रुंद ब्रशने आभाळाचा भाग नुसत्या पाण्याने ओला करतो. इथे लोकांना सांगा की कागदाकडे तिरकं पाहा. ओला कागद आधी आरशासारखा चमकतो, मग चकाकी मंद होत जाते. त्या मंद चकाकीच्या अर्ध्या-एक मिनिटातच रंग सोडायचा असतो. लवकर सोडला तर तो वाहून जातो, उशीर झाला तर फुलकोबीसारखे डाग उठतात. चित्रकार ब्रश हातात धरून काहीच न करता बसलेला असतो तेव्हा तो खरं तर सगळ्यात कठीण काम करत असतो, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. नाहीतर मागच्या रांगेतून "सुरू केलं का?" असं ऐकू येतं.

आभाळ सुटलं. आता ते वाळायला हवेप्रमाणे 10 ते 20 मिनिटं लागतील. बहुतेक प्रात्यक्षिकं इथे कोसळतात: कलावंत काहीतरी बोलून वेळ काढतो, लोक मोबाइल काढतात. हाच तुमचा संग्रहाचा वेळ. वीस-वीसचे दोन गट करा. पहिला गट दालनात जाईल, दुसरा कलावंताजवळ येऊन ओला कागद जवळून पाहील आणि प्रश्न विचारेल. पुढचा वॉश वाळताना गट बदलतील.

दालनात या वेळी फक्त आभाळं पाहायची. सात चित्रं असली तरी तीनच. डाग उठलेल्या चित्रासमोर विचारा, "इथे काय झालं असेल?" ज्या बाईंनी सकाळपर्यंत ब्रश धरला नव्हता त्या सांगतील, "कागद वाळत आला होता, तरी रंग टाकला." त्यावर व्याख्यान देऊ नका. मान हलवा आणि पुढे व्हा.

दुसऱ्या टप्प्यात देऊळ, पायऱ्या, त्यांच्या सावल्या. कोरडा ब्रश कागदाच्या खरखरीत पृष्ठावरून नुसता ओढला की बेसॉल्टचा खडबडीतपणा आपोआप येतो. गट बदलून दुसरी मंडळी दालनात गेली की त्यांना दगड आणि पाणी पाहायला लावा. शेवटी प्रतिबिंब, माणसांचे ठिपके, एखादी लाल साडी. ही लाल साडी सगळ्यांनाच आवडते, आणि चित्रकारांनाही माहीत असतं की ती आवडते. चालायचंच.

दीड तासात चित्र संपवायचं असा हट्ट धरू नका. अर्धवट राहिलं तर तसंच दाखवा. साडेअकरा-पावणेबाराला सगळे एकत्र दालनात या आणि शेवटची पंधरा मिनिटं कलावंताला मोकळी द्या: त्याने संग्रहातलं एकच चित्र निवडायचं आणि "हे मी केलं असतं तर कुठे अडलो असतो" ते सांगायचं. आख्ख्या सकाळीतली ही माझी सगळ्यात आवडती पंधरा मिनिटं. एक चित्रकार दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलतो तेव्हा विशेषणं गळून पडतात.

इतर माध्यमं

व्यक्तिचित्राला दोन-अडीच तास लागतात. मॉडेलला दर 20-25 मिनिटांनी विश्रांती द्या. ती विश्रांती म्हणजेच दालनाची वेळ. वयस्क मॉडेल घेतलंत तर हात टेकायची खुर्ची आणि पायाखाली पाट विसरू नका. तैलरंग असतील तर टर्पेंटाइनचा वास कोंडू देऊ नका. आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका: तेल वाळताना तापतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. जुन्या लाकडी वाड्यात तर हे प्राणावर बेतेल. चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि संध्याकाळी बाहेर न्या.

पैठणीचा माग उचलून आणता येत नाही, म्हणून इथे उलटं करा: लोकांना येवल्याला न्या. निफाड-विंचूरमार्गे सुमारे 80 किलोमीटर. मागावर पाहायची गोष्ट एकच: नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली (धागा गुंडाळलेली कांडी) असते आणि विणकर ती हाताने ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, घालतो, दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतो. म्हणून हातमागावरच्या मोराची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे धागे सुटे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे पाहून परत आल्यावर घरातली जुनी पैठणी उलटी करून बघायचा मोह कुणालाच आवरत नाही. संग्रहात मांडताना म्हणूनच पदराचा एक कोपरा उलटा ठेवा, असावली आणि बांगडी-मोर ही नक्षी दोन्ही बाजूंनी दिसेल असा.

तांबटकाम अंगणातच. हातोड्याच्या ठोक्यांची कंपनं काचेच्या कपाटांना सोसत नाहीत आणि बंद खोलीत कानही बसतात. साध्या पत्र्यावर मठार (हातोड्याच्या ठोक्यांची नक्षी) बसताना पाहा, मग जुन्या हंड्यावर बोट न लावता नुसता तिरका टॉर्च मारून ठोक्यांच्या ओळी दाखवा. मठार फक्त शोभेचा नसतो. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळकटी येते.

वारली चित्राच्या बाबतीत एक सावधगिरी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत वारली समाज आहे, कलावंत जवळ मिळतील. पण लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी विधीचित्र, ही सवाशिणींनी विधीत काढायची गोष्ट आहे, त्यात पालघाट देवी बसते. "चौक काढून दाखवा" अशी फर्माईश करण्याआधी विचारा. तांदळाचं पीठ, गेरू, शेण, बांबूची चावून मऊ केलेली काडी हे सगळं प्रात्यक्षिकात दाखवता येतं, आणि शेजारी पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यापासून कागदावर आणि कापडावर आलेल्या चित्रांच्या प्रती. विधीतली भिंत आणि विक्रीचा कागद यांतला फरक कलावंतालाच सांगू द्या.

लेणी आणि नाणी: जिथे संग्रह हलत नाही

पांडवलेण्यांत प्रात्यक्षिक म्हणजे पेन्सिल आणि वही. रंग, पाणी, इझल नको. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. शिल्पांना टेकून बसू नका. सोबत एखादा शिल्पकार न्या आणि फक्त 3 आणि 10 क्रमांकाची लेणी पाहा. दहावं क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने करवलेलं. तिसरं सातवाहन राजघराण्याचं, ज्यात गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या आईचा, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. खांबांची कल्पना एकच, पण दहाव्यातली घंटेच्या आकाराची शीर्षं बांधेसूद आहेत आणि तिसऱ्यातली जाडजूड. शिल्पकाराने दोन्ही शीर्षं वहीत शेजारी-शेजारी काढून दाखवली की हा फरक पुस्तकापेक्षा लवकर कळतो. तिसऱ्याच्या ओट्याखाली सहा दणकट यक्ष तुळई खांद्यावर घेऊन उभे आहेत, त्यांच्याकडे मात्र नुसतं बघत राहा.

याच दोन घराण्यांचा झगडा तळहाताएवढ्या जागेत पाहायचा असेल तर नाणी. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेत नाण्यांचं संग्रहालय आहे, गट घेऊन जाण्याआधी फोन करा. प्रात्यक्षिक म्हणून एखाद्या धातुकारागिराने मऊ पत्र्याच्या चकतीवर एक ठसा मारायचा आणि त्यावरच दुसरा. खालच्या चेहऱ्याची कड वरच्या ठशातून डोकावते ती दिसली की भिंगाखालचं नाणं वाचता येतं.

मुलं आली तर

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं येणारच, आणि पालक विचारणारच, "याचा ग्रेडला उपयोग होईल ना?" होईल म्हणा. मुलांना पहिल्या दोन रांगा द्या, खाली सतरंजीवर. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल. काम एकच: चित्रकाराचा हात कसा धरला जातो ते काढायचं, चित्र नव्हे. दालनात मुलांना "सगळं बघा" न म्हणता एकच चित्र शोधायला लावा, ज्यात आभाळ सगळ्यात आधी वाळलं असेल असं वाटतं. उत्तर बरोबर आहे का हे तपासायची गरज नाही, कारण शोधताना मुलं पाहत राहतात.

दिवस संपल्यावर

ताजं चित्र बोर्डावरून लगेच काढू नका. कडेची टेप पूर्ण वाळल्यावर, कागदापासून बाहेरच्या बाजूला ओढत काढायची. तैलचित्र असेल तर स्पर्शाला कोरडं होईपर्यंत ते कशातही गुंडाळू नका, खोक्यात उभं, न टेकता न्या. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण, कलावंताचं नाव लिहा. बॉलपेन कागदाच्या दुसऱ्या बाजूला उमटतं.

मागून आणलेल्या वस्तू त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी परत करा. आधीचे फोटो समोर ठेवून मालकासोबत पुन्हा पाहा, दोघांच्या सह्या घ्या. कलावंताला मानधन त्याच दिवशी द्या. चित्रीकरण असेल तर त्याची प्रत आधी त्यांच्याकडे, मग इतरत्र. आणि कुठल्या वस्तूपाशी लोक सगळ्यात जास्त थांबले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळची यादी तिथून सुरू होते.